काकांच्या कॅप्सूल आणि मेद्रोन्यू

फारो, पोर्तुगाल
१८ नोव्हेंबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या रक्तवाहिन्या साफ होतील म्हणून मागवायच्या ज्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची जाहिरात तू पाठवलीस, ती वाचली. मागवू नकोस. का ते फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच काजूचा भाव काढतोस, म्हणून हे पत्र.

जाहिरातीतली 'भूमध्य सागरी दिव्य वनस्पती' म्हणजे इथला मेद्रोन्यू, शास्त्रीय नाव आर्ब्युटस युनेडो. दक्षिण पोर्तुगालच्या आल्गार्व भागातल्या डोंगरांत, मोंशीक गावाकडे, तो रानोमाळ उगवतो. सध्या तो बघण्यासारखा असतो. फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, त्यामुळे गेल्या हंगामाची लाल फळं आणि यंदाची पांढरी फुलं एकाच फांदीवर दिसतात. फळ वरून लिचीसारखं खरबरीत, आत पिवळा, रवाळ गर. चव बरी, पण मला विचारशील तर आपली करवंदं शंभर पट सरस.

फळाची लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची, गराचा पिवळेपणा कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. शिवाय क जीवनसत्त्व भरपूर. कच्चं फळ तुरट लागतं ते टॅनिनमुळे, पिकत जाताना तुरटपणा उतरतो आणि साखर चढते. पण प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट म्हणून, म्हणजे ऑक्सिजनची उपद्रवी रूपं आवरणारी द्रव्यं म्हणून, खरी बाजी मारतात ती पानं. गॅलिक आम्लापासून बनलेली टॅनिनं, कॅटेचिन, क्वेर्सेटिन आणि मायरिसेटिनची ग्लायकोसाइडं (साखर जोडलेली रूपं), असली सगळी अँटिऑक्सिडंट संयुगं त्यात ठासून भरलेली. चाचणी बघायला मजेशीर असते: डीपीपीएच नावाच्या गडद जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा, आणि अँटिऑक्सिडंट जितकं जोरदार तितका जांभळा रंग फिका पडून पिवळा होत जातो. मग ५१७ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं. पानांचा अर्क थेंबभर पुरतो. फळाचा त्याहून बराच जास्त लागतो.

झाडाच्या दृष्टीने यात नवल नाही. इथला उन्हाळा कोरडा ठणठणीत. पाणी वाचवायला पान आपली रंध्रं मिटून घेतं, वरून ऊन मात्र कोसळतच असतं. ती ऊर्जा खर्ची पडत नाही आणि पानात ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार होतात. त्यांना आवरायला ही संयुगं उपयोगी पडतात, आणि तुरट पान गुरंही सहसा सोडून देतात. पान सदाहरित, म्हणजे उन्हाळ्यात गाळून टाकायची सोय नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मोंशीकला भयंकर वणवा लागला होता. मेद्रोन्यू जळला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो, इतका चिवट.

आता कॅप्सूलकडे. परीक्षानळीतला रंग उडाला म्हणून काकांच्या रक्तवाहिन्या साफ होत नाहीत. या संयुगांपैकी फार थोडी जशीच्या तशी रक्तात पोचतात. बरीचशी मोठ्या आतड्यातले जिवाणू मोडून त्यांचं भलतंच काही करतात. कुठल्या खाद्यपदार्थात अँटिऑक्सिडंटचा जोर किती, अशा परीक्षानळीतल्या आकड्यांची एक यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने ठेवली होती. कंपन्या ती जाहिरातींत वापरायला लागल्या, तेव्हा २०१२ मध्ये खात्याने ती संकेतस्थळावरून काढूनच टाकली. तुझ्या जाहिरातीत मात्र तसलाच आकडा ठळक अक्षरांत आहे!

दुसरं, आणि काकांच्या दृष्टीने महत्त्वाचं: या पानांत आर्ब्युटिन नावाचं संयुग असतं. शरीरात त्यापासून हायड्रोक्विनोन बनतं, आणि ते सतत पोटात जाणं बरं नव्हे. याच कुळातल्या बेअरबेरीच्या पानांतही आर्ब्युटिन असतं, आणि ती आठवड्याच्या वर घेऊ नयेत असं युरोपची औषध संस्था सांगते. जाहिरात म्हणते, रोज दोन, कायम. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने असला प्रयोग कशाला करावा? काकांना काही घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारा. तुरट टॅनिन आणि क जीवनसत्त्वच हवं असेल तर तुमच्या परसातला आवळा आहेच, तोही फुकट.

तुला आवडेल अशी एक गोष्ट राहिली. इथले लोक ही फळं पिंपात महिना-दोन महिने आंबवतात आणि तांब्याच्या भट्टीत गाळून 'आग्वार्देंत' काढतात. पाव्हणा घरात आला की छोटा पेला पुढे येतोच. गोव्यात, पेडण्याच्या फेणीच्या भट्टीवर वाढलेल्या तुला वेगळं काय सांगायचं? पण गंमत बघ, अँथोसायनिन, टॅनिन, क जीवनसत्त्व यांतलं काहीच वाफेबरोबर वर जात नाही, सगळं भांड्याच्या तळाशी. फेणीसाठीच्या बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) रसाचंही तेच. तेव्हा 'फेणी औषधी असते' हे तुझं पालुपद निदान अँटिऑक्सिडंटच्या नावाने तरी आता बंद कर.

एप्रिलमध्ये येतोय. एक बाटली आणतो, तू हुर्राक, म्हणजे काजूची ती पहिल्या धारेची दारू, राखून ठेव. काकूंना नमस्कार, आणि काकांना ही जाहिरात कुणी पाठवली ते शोधून काढ. माझा संशय तुझ्या मेव्हण्यावर आहे.

तुझा,
सुहास