बोअर करण्याआधी कॉम्प्रेशन बघा

स. न.,

दिवाळीनंतर नागपुरात झाकून ठेवलेल्या फियाट-अ‍ॅम्बेसेडर बाहेर निघतात आणि पहिला सल्ला ठरलेला असतो : "इंजिन खोला, बोअर करून टाका." बोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं. गाडी जेमतेम ३०-४० हजार किलोमीटर चाललेली असेल, तर कृपया थांबा. (मीटरला पाचच आकडे असतील तर लाखानंतर तो पुन्हा शून्यावर येतो, म्हणून पेडलचे रबर किती झिजले तेही बघा.) एवढ्या चालीत सिलिंडर सहसा झिजत नाही. नुकसान उभं राहून होतं : पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हच्या सीटवर गंज चढतो, आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ऑइल सील कडक होतात.

सरळ सेल्फ मारू नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडावं, रात्रभर ठेवावं. सकाळी न्यूट्रलमध्ये हँडलने हलकेच फिरवावं. अडलं तर जोर नको. पुन्हा ऑइल, आणखी एक दिवस. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर बहुधा इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्राम (पडदा) फाटलाय. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं की बेअरिंग गेलंच. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही, म्हणून डायफ्राम आणि नळ्या बदलाच. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून ऑइलची गाळणी धुवावी.

मग शे-दोनशे किलोमीटर चालवून, गरम इंजिनवर, कॉइलची वायर काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावं. १२५, १२०, १२२, ११८ पीएसआय असे जवळपास आकडे आले तर इंजिनला हात लावू नका. एकच ८० आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर दोष रिंगेचा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. तिथे हेड उतरवून ग्राइंडिंग पुरतं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे पडले तर आधी हेड गॅस्केट बघा.

चेंबरमध्ये धातूचा कीस, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर न येणं, नख अडेल अशी सिलिंडरची चीर, यांपैकी काही दिसलं तर मात्र फुल इंजिनचं काम टाळू नये. तेव्हाही आधी वाढीव मापाचे पिस्टन मिळवून हातात घ्यावेत, मगच ब्लॉक लेथवाल्याकडे न्यावा. त्या मापाचे पिस्टन मिळाले नाहीत तर कापलेला ब्लॉक तसाच पडून राहतो.

– एक वाचक, धंतोली, नागपूर