मुदतीच्या कागदावरचे आयुष्य

चि. सानिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेबनॉनहून आलेली पॅलेस्टिनी मैत्रीण प्रागच्या सहलीला का येऊ शकली नाही, असे तू विचारले आहेस. तिच्या कागदावर तिरपी लाल रेघ आहे असे तू लिहितेस, त्याअर्थी तो जर्मनीतला ‘डुल्डुंग’ असणार. तो वास्तव्याचा परवाना नव्हे; हद्दपारी तूर्त स्थगित केली आहे, एवढेच तो सांगतो. बहुधा काही महिन्यांसाठीच मिळणारा हा कागद जर्मनीबाहेर पाऊल पडताच रद्द होतो.

या अडचणीचे मूळ मात्र बर्लिनमध्ये नाही. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात घरदार सुटून जे पॅलेस्टिनी लेबनॉनला आले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नातवंडांनाही तिथे नागरिकत्व नाही, वकिली-डॉक्टरकी करण्याची मुभा नाही आणि २००१ च्या कायद्याने स्वतःच्या नावावर घर घेण्याचीही सोय उरलेली नाही. संयुक्त राष्ट्रांची संस्था त्यांच्यासाठी शाळा आणि दवाखाने चालवते, पण पासपोर्ट देणे तिच्या हाती नाही. काही कुटुंबांची नोंद तर ना त्या संस्थेकडे आहे, ना लेबनॉन सरकारकडे.

माझी उभी नोकरी तहसील कचेरीत दाखले देण्यात गेली, म्हणून पुढचा भाग मला फार बोचतो. ओळख सिद्ध करायला जर्मन कचेरी पासपोर्ट मागते आणि ज्याला देशच नाही, त्याने तो कुणाकडून आणायचा? त्यासाठी पुरेसे प्रयत्न केले नाहीत असा ठपका बसला, तर हाती येणाऱ्या डुल्डुंगवर नोकरी करता येत नाही आणि तो काळ पुढच्या अर्जासाठी वास्तव्यात धरलाही जात नाही. ऐन उमेदीची वर्षे अशी हिशेबाबाहेर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

तरुणांसाठी एक वाट आहे. वास्तव्य कायद्याच्या कलम २५-अ नुसार, तीन वर्षे जर्मनीत राहिलेल्या आणि तीन वर्षे तिथल्या शाळेत नीट शिकलेल्या मुलांना परवाना मिळू शकतो; आईवडिलांनी ओळखीबाबत खोटे सांगितले असले, तरी त्याचे खापर मुलांच्या माथी फोडले जात नाही. पासपोर्टची अट मात्र सहसा राहतेच आणि अर्ज वयाची २७ वर्षे पूर्ण होण्याआधी करावा लागतो. तिचे वय विचार, आणि ती हो म्हणाली तर या कायद्याच्या जाणकार वकिलाकडे तिच्याबरोबर तूही जा. शाळेची प्रमाणपत्रे आणि आजवरचे सगळे डुल्डुंग, मुदत संपलेलेसुद्धा, तारखेनुसार लावून न्या.

तुझे,
बाबा