तिरसटपणा की सोय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जगभरच्या विनोदी चित्रपटांतल्या खडूस पात्रांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात ग्रीस मात्र ‘झोर्बा’च्या एका ओळीत उरकला, आणि ‘झोर्बा’ तर इंग्रजीत बनलेला! दिग्दर्शक योर्गोस त्झावेलास यांचा १९६५ चा ‘इ दे यिनी ना फोविते तोन आंद्रा’ राहूनच गेला. पत्नीने पतीचा धाक बाळगावा, हे सेंट पॉलच्या पत्रातलं वाक्य ग्रीक चर्चमध्ये लग्नात वाचतात, तेच चित्रपटाचं नाव. (ते वाचलं जात असतानाच नवरी नवऱ्याच्या पायावर पाय देते, अशीही तिथली रीत आहे.)

अथेन्सच्या प्लाका भागात आंतोनाकिस आणि एलेनी वर्षानुवर्षं लग्नाविना एकत्र राहताहेत. तो बारीकसारीक गोष्टींवरून डाफरतो, ती मुकाट ऐकून घेते. मग लग्न होतं आणि एलेनीला कंठ फुटतो. अशा माणसांना लेखात ‘वरून काटे, आत गरे’ म्हटलं आहे. मला ते पटत नाही. आंतोनाकिसची चिडचिड हा स्वभाव कमी आणि सोय जास्त आहे. समोरच्या बाईला कसलाच हक्क नाही, ती कुठे जाणार नाही, या खात्रीवर ही चिडचिड पोसली गेली आहे. प्राचीन ग्रीक नाटककार मिनान्द्रोसच्या इ. स. पू. ३१६ मधल्या ‘दिस्कोलोस’ नाटकातला म्हातारा क्नेमोन निदान प्रामाणिक होता; त्याला खरोखरच कोणी जवळ नको होतं. विहिरीत पडल्यावर त्याला माणसांची गरज कळली. आंतोनाकिसला मात्र खेकसायलाही घरात माणूस लागतं!

लग्नानंतर एलेनीही हुकूम सोडू लागते, तिथे त्झावेलास थोडी पळवाट काढतात. दोघंही सारखेच, असं म्हणून प्रेक्षकातल्या नवरेमंडळींना सुटका मिळते. तरी योर्गोस कॉन्स्टांटिनू (आंतोनाकिस) आणि मारो कोन्दू (एलेनी) यांची जुगलबंदी अशी, की ही तक्रार पडद्यासमोर बसल्यावर आठवत नाही. ऐन तिशीतल्या कॉन्स्टांटिनूने कुरकुऱ्या म्हाताऱ्याची सगळी लक्षणं अंगी बाणवली आहेत. प्लाकातल्या त्रिपोदोन रस्त्यावरचं ते घर लोक अजून कोकोविकोसचं, म्हणजे आंतोनाकिसच्याच आडनावाने ओळखतात.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना ग्रीक म्हटलं की दिग्दर्शक अँजेलोपुलस आठवतो. तो दाखवाच, पण एखादी संध्याकाळ या जोडप्यालाही द्या. जोडीने यायची अट घातली तर उत्तम.

आपला,
एक वाचक, डोंबिवली