अप्पांसाठी धावून आलेल्यांना

अप्पांना शेवटच्या प्रवासासाठी लालबागच्या चाळीच्या अरुंद लाकडी जिन्यावरून अलगद खाली आणणाऱ्या मुलांनो, तुमची नावं ठाऊक नाहीत, पण मनापासून आभार. अप्पा १९४७ साली कराचीहून बोटीने मुंबईत आलेले. घरदार मागे सुटलेलं मराठी पोरगं. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, बेळगावला घडले. डिसेंबर १९७१ मध्ये, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. त्याबद्दल फारसं बोलत नसत, कराचीच्या समुद्राबद्दल मात्र तासन्‌तास! न बोलावता पदकं लावून आलेल्या निवृत्त जवानांनो, तुम्ही ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही पलटणीची युद्धघोषणा दिलीत, तेव्हा आजीने दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली. भर पावसात थांबून भाडं नाकारणारे टेम्पोवाले दादा, तुम्हीही तेराव्याला जेवायला या. आजीने बजावून सांगितलंय.