गोराईच्या कुंपणवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या दोन म्हाताऱ्या घोड्यांसाठी तुम्ही कुंपण उभं केलंत. मजुरी पोचली, पण तुम्ही जे शिकवलंत त्याचे आभार चारचौघांतच मानायला हवेत. या दोघांनी उमेदीची वर्षं व्हिक्टोरिया घोडागाडी ओढली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. आता म्हातारपणी त्यांना दोरीशिवाय चरता यावं, एवढीच माझी इच्छा होती.

जो तो काटेरी तार सुचवत होता. तुम्ही मात्र जागा मोजायच्या आधी घोड्यांचे पाय बघितलेत. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी, पाय अडकला की सगळं बळ लावून ओढणार. आणि गुडघ्याखाली मांस जवळपास नाहीच, कातडीला लागून कंडरा आणि हाड. तिथे काटा घुसला तर जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं, असं तुम्ही म्हणालात आणि तो विषय तिथेच मिटला.

मग २ बाय ४ इंचांच्या घरांची जाळी निवडलीत, खूर आत जाणारच नाही अशी. तीही विणलेली. वेल्डिंगचे सांधे घोड्याच्या रेट्याने सुटतात आणि तारेची टोकं बाहेर येतात, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जाळी खांबांच्या आतल्या, घोड्यांकडच्या बाजूने ठोकलीत, म्हणजे घोडा रेलला तरी भार खिळ्यांवर न येता खांबांवर जातो. घोड्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, बारीक तार तर नाहीच, म्हणून ५ फूट उंचीवर पांढरी फळी. खारी हवा ओळखून जस्ताचा जाड मुलामा असलेलाच माल घेतलात, आणि त्यासाठी भाईंदर-उत्तनचा वळसाही घातलात. थोरला धाकट्याला कोंडतो हे पाहून कोपरे गोल केलेत. हे मला सगळ्यांत भावलं.

शेजारच्या एकाने तारेत घरची वीज सोडायचं सुचवलं, तेव्हा तुम्ही चिडलात. बरोबरच चिडलात! त्याने घोडा काय, माणूसही मरतो. कुंपणाच्या तारेला जोडायचं झटका मशीन क्षणभराचाच झटका देतं, पण पावसाळ्यात वाढलेलं गवत तारेला टेकलं की तोही जमिनीत जिरतो. या शांत जोडीला त्याची गरज नाही, हे सांगून तुम्ही स्वतःचंच काम कमी केलंत.

पहिल्या दिवशी दोघांना दोरी धरून कडेकडेने फिरवायला लावलंत, तसंच केलं. आता मोकळे चरतात.

दिवाळीनंतर ताण तपासायला याल तेव्हा खाडीकडची बाजू जरूर बघा. पावसाने माती वाहून जाळीखाली फट पडली आहे, तोवर तिकडचं फाटक बंदच ठेवते. आणि जेवायलाच या.

आपली,
घोडेवाली ताई