मित्रास पत्र: पोराच्या बाप्तिस्म्याबद्दल

भुसावळ

प्रिय दोस्ता,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. पोरगं बाप्तिस्म्याला नाही म्हणालं, "तुम्ही नेता म्हणून मी चर्चला येतो" असं तोंडावर बोललं, आणि तेव्हापासून तुला झोप नाही. चर्चच्या मंडळीतले लोक विचारतात, भाऊबंद नावं ठेवतात. मी त्याला समजवावं असं तू लिहिलंस. मी त्याच्याशी बोलेन, पण बाप्तिस्मा घे असं सांगणार नाही.

आपल्याकडे केळी कापली की बुडाशी पील, म्हणजे नवा कोंब, उभंच असतं, आणि त्यालाही तसाच घड लागतो. विश्वास असा पीलबागेसारखा येत नाही रे. बायबलमधल्या तीमथ्याची, पौलाच्या तरुण सोबत्याची, आजी लोईस आणि आई युनीके दोघी विश्वासू होत्या, हे पौल आवर्जून लिहितो. पण पुढच्याच ओळीत तो तीमथ्याला सांगतो की तुझ्यातलं कृपादान तू प्रज्वलित कर. आजीने कितीही प्रार्थना केली असली तरी ते काम नातवालाच करावं लागलं.

तुझी आजी आठवते का? रेल्वे क्वार्टरमधल्या त्या स्वयंपाकघरात तवा टाकायच्या आधी डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकायची आणि अहिराणीत बोलायची, "बापा, तू शे ना," म्हणजे तू आहेस ना. पाळकसाहेबांची प्रार्थना शुद्ध मराठीत, लांबलचक असायची. आजीची तिची स्वतःची होती, म्हणून ती आपल्याला आजही आठवते. तुझ्या पोरालाही स्वतःची सापडू दे.

कवी रेव्हरंड टिळकांच्या घरातलंच बघ. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही त्या दिवशी ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवरा गेला त्या वाटेने बायको मुकाट गेली, असं त्या काळात कुणी धरून चाललं असतं; पण त्या दूर राहिल्या, रडल्या, मग एकत्र राहायला आल्या तरी सोवळं पाळत राहिल्या. जातीपातीचा गुंता त्यांनी स्वतःच्या मनात सोडवला आणि पुढे काही वर्षांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली असती, तर आपल्याला त्या लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या, असं मला मनापासून वाटतं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट तर तुझ्यामाझ्यासारख्या, चर्चच्या पटावर नाव असलेल्या माणसांनी जास्त वाचावी. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या धर्मगुरूंचं सगळं जसंच्या तसं मानायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडात मान देणार नाही, असं त्यांनी कळवलं. शाकाहारही सोडला नाही. आणि पुढे त्यांनीच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं गेली. एवढी मोठी बाई हे उघड सांगते, मग सतरा वर्षांच्या पोराने "मला अजून कळलं नाही" म्हटलं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? त्याने पाण्यात उभं राहून खोटी साक्ष दिली नाही, याचा मला तर अभिमान वाटतो.

तुझी खरी भीती वेगळी आहे, ती तू शेवटी दोन ओळींत लिहिलीस. खान्देशात आपण मूठभर. पोरंच सुटली तर आपली ओळख राहील का? नाताळची कॅरल, पांढऱ्या साडीतली लग्नं, आपली आडनावं, हे सगळं मलाही जिवापाड प्रिय आहे. पण तेवढंच जपायचं असेल तर समाजाचं मंडळ पुरे. मंडळी उभी राहते ती "तुम्ही मला कोण म्हणता?" या येशूने शिष्यांना विचारलेल्या प्रश्नाला एकेकाने दिलेल्या उत्तरावर, आणि पेत्राचं उत्तर त्याच्या बापाने दिलं नव्हतं.

तेव्हा पाळकांना घरी बोलावून त्याला मध्ये बसवू नकोस. भावकीला मी सांगतो. तू रात्री जेवणं झाल्यावर त्याच्याबरोबर योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाच. तिथे येशूला विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी बाईला गावकरी म्हणतात की आता तुझ्या सांगण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलं म्हणून विश्वास ठेवतो. तिला त्याचा राग आला असेल असं मला वाटत नाही. त्याने प्रश्न विचारले तर विचारू दे, आणि तुला स्वतःला जे पडतात तेही त्याला सांग.

जानेवारीत भरताची वांगी चांगली येतील. सगळे या, दोन दिवस राहा. वहिनींना सलाम, पोराला माझा आशीर्वाद.

तुझाच,
भुसावळचा भाऊ