मार्माइटची बरणी फेकू नकोस

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकून हसून हसून पोट दुखलं. "डांबर पाठवलंस काय रे" म्हणे! अरे, मार्माइट म्हणजे यीस्ट आटवून केलेलं काळं, खारट, पावाला लावायचं चाटण. पण वहिनी म्हणाली की तू चॉकलेटचं समजून चांगलं चमचाभर थापलंस पावावर, मग दुसरं काय होणार? ते तसं खायचंच नसतं. गरम टोस्ट, वर सढळ हाताने बटर, ते वितळायला लागलं की सुरीच्या टोकावर मावेल एवढंच मार्माइट घ्यायचं आणि पार पातळ ओढायचं, इतकं की खालचं बटर दिसलं पाहिजे.

हे बनतं आमच्या डर्बीच्या शेजारीच, बर्टन अपॉन ट्रेंटला. बियरचं गाव. बियर झाली की ढिगाने यीस्ट उरायचं, त्याचं काय करायचं हा प्रश्नच. ते आटवून खाता येतं हे लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टने आधीच दाखवलं होतं, मग १९०२ मध्ये तिथे कंपनी निघाली आणि यीस्ट आलं बास ब्रुअरीतून. यीस्टमध्ये मीठ घातलं की पेशी फुटतात, त्यांचेच एन्झाइम त्यांचं प्रोटीन तोडतात आणि त्यातून ग्लुटामेट सुटतं, म्हणजे आपल्या चायनीजच्या गाडीवर अजिनोमोटो टाकतात ना, तीच चव. पेशींची टरफलं गाळून रस आटवला की झालं तुझं डांबर.

आता आवडनिवडीचं. "एकतर जीव टाकाल नाहीतर तोंड वाकडं कराल" अशी जाहिरात कंपनीनेच १९९६ पासून चालवली, त्यामुळे इथे प्रत्येकाला कुठल्यातरी एका पार्टीत जावंच लागतं. माझं मत विचारशील तर नावं ठेवणाऱ्यांतले निम्मे तुझ्यासारखे चमचावाले असणार, आणि आवडणाऱ्यांना दात यायच्या वयात टोस्टला लावून चारलेलं असतं. बाय द वे, लालबागच्या माणसाने वासावर बोलूच नये, तुमच्याकडे सुके बोंबील भाजायला लागले की मला खालच्या मजल्यावर कळायचं, आणि तरी मी वर जेवायला यायचो!

ऑस्ट्रेलियात याचा भाऊ व्हेजिमाइट, मेलबर्नला १९२३ साली आला, तिकडची पोरं त्याच्यावरच वाढतात. न्यूझीलंडचं मार्माइट अजून वेगळं, जरा गोडसर. क्राइस्टचर्चच्या भूकंपाने कारखान्याचं नुकसान झालं, २०१२ मध्ये दुकानांतला माल संपला आणि लोक उघडलेल्या बरण्यासुद्धा ऑनलाइन विकायला लागले, बोल!

पण खरी गोष्ट तर तुझ्या परळची आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर ॲनिमिया व्हायचा, काही तर त्यातच जायच्या, तो का होतो ते शोधायला. काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे तुझ्या घरापासून चालत. तिने बघितलं की खाऊनपिऊन सुखी घरातल्या बायकांना हे कमी होतंय, म्हणजे घोळ जेवणात. मग उंदरांना त्या गरीब बायकांसारखं खाणं दिलं तर तेही आजारी पडले, आणि यीस्ट दिलं की वाचले. पुढे ॲनिमिया झालेल्या एका माकडाला मार्माइट चारलं, ते उठून बसलं. मग बायकांना दिलं तर त्यांचंही रक्त सुधारलं, आणि लिव्हरच्या महागड्या अर्कापेक्षा हे कितीतरी स्वस्त. १९३१ मध्ये तिने हे छापलं. यात नेमकं काय गुणाचं आहे ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, १९४१ मध्ये तेच द्रव्य पालकातून वेगळं काढलं तेव्हा त्याला फॉलिक ॲसिड म्हणायला लागले. वहिनीला दोन्ही वेळेस डॉक्टरनी दिलेल्या ना गोळ्या, त्याच. तुझी पणजी गिरणीत होती ना रे? साधारण त्याच काळातली असेल. आणि हाफकिनच्या भिंतीला टेकून आपण क्रिकेट खेळलो, कोणी एका शब्दाने सांगितलं नाही, मला तरी याचा रागच येतो.

तर बरणी फेकू नकोस. फ्रीजमध्येही ठेवायला नको, दगड होईल. आईंना मात्र देऊ नकोस, बीपी आहे त्यांना आणि यात मीठ खच्चून असतं. मसूरच्या आमटीत अर्धा चमचा टाकून बघ, वरचं मीठ बेताने. तरी नाहीच जमलं तर दिवाळीत येतोय, मी संपवतो.

तुझा,
मंद्या